शंभर दिव्यांची नाताळची चांदणी आणि तिचा घरी बनवलेला कंट्रोलर

अनंत चतुर्दशीची रात्र जागवून झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, पाहिलेल्या इंदूरकराला हलत्या दिव्यांचं कौतुक वेगळं सांगावं लागत नाही. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, तरी तिच्या आणि बाकीच्या गिरण्यांच्या कामगारांनी झांक्या काढणं सोडलं नाही. मांडववाल्यांकडे पूर्वी अशा रोषणाईसाठी मोटरवर फिरणारा ड्रम असे. ड्रमवर धातूच्या पट्ट्या, त्यांना घासणाऱ्या पत्त्या आणि एकेका पत्तीमागे झालरींची (दिव्यांच्या माळांची) एक ओळ. ड्रम फिरला की दिवे पळायचे. आज तेच काम तळहातावर मावणारा बोर्ड करतो, आणि तो घरच्या टेबलावर तयार करता येतो.

ज्यांनी थोडंफार सोल्डरिंग केलंय, पण कंट्रोलर कधी बनवलेला नाही, अशांसाठी हे लिहितो आहे. काम एकच घेऊ: नाताळात बाल्कनीत किंवा गच्चीच्या कठड्यावर लावायची शंभर दिव्यांची चांदणी, जिचा प्रत्येक दिवा आपापला रंग बदलेल. हाच कंट्रोलर पुढे दिवाळीत आकाशकंदिलाला आणि भाद्रपदात मखराला लावता येतो, त्यामुळे केलेली मेहनत वर्षातून तीनदा उपयोगी पडते.

आधी २३० व्होल्ट बाजूला ठेवा

बाजारातली साधी झालर थेट मेन्सवर चालते. दिवे तांदळाएवढे आणि तार बारीक, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. पण तारेत पूर्ण २३० व्होल्ट खेळत असतात. ती कंट्रोलरवर चालवायची तर बीटी१३६ सारखा ट्रायक (मेन्स चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) लागतो, आणि त्याला मायक्रोकंट्रोलरपासून (प्रोग्रॅम चालवणाऱ्या चिपपासून) अलग ठेवायला ऑप्टोकपलर. नुसतं चालू-बंद करायचं असेल तर एमओसी३०४१, उजेड कमी-जास्त करायचा असेल तर एमओसी३०२१. कागदावर सर्किट अगदी सोपं दिसतं. प्रत्यक्षात एलईडी झालरीचा करंट इतका कमी असतो की ट्रायक मध्येच सुटतो आणि दिवे थरथरतात. वर स्नबरमधून (ट्रायकला जोडलेल्या रेझिस्टर-कपॅसिटरमधून) झिरपणाऱ्या करंटवर बंद केलेली झालरही मिणमिणत राहते. हे सगळं सोडवता येतं, पण ते सोडवताना उघड्या मेन्सजवळ हात जातो. म्हणून नवशिक्यानं इथून सुरुवात करू नये, असं माझं ठाम मत आहे.

आपण पाच व्होल्टचे पिक्सेल घेऊ. डब्ल्यूएस२८११ चिप असलेले १२ मिमी बुलेट पिक्सेल पन्नासाच्या लडीत मिळतात. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन एलईडी आणि एक चिप असते. तारा तीनच: पाच व्होल्ट, ग्राउंड आणि डेटा. कंट्रोलरकडून रंगांची रांग डेटाच्या तारेवर येते. पहिला पिक्सेल आपल्या वाटणीचे २४ बिट काढून घेतो आणि उरलेली रांग पुढच्याकडे सोडतो. त्यामुळे डेटाची एकच तार शंभर दिव्यांना पुरते.

खरेदी

ईएसपी३२ डेव्ह बोर्ड (वायफाय असलेला मायक्रोकंट्रोलर), पिक्सेलच्या दोन लडी, ५ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (मेन्सपासून पाच व्होल्ट डीसी देणारा पॉवर सप्लाय), झिरो पीसीबी (नुसती भोकं असलेला सोल्डरिंगचा बोर्ड), बोर्ड बसवायला फीमेल बर्ग स्ट्रिप, चौदा पायांचं आयसी सॉकेट, ७४एचसीटी१२५ आयसी, ३३० ओहमचा रेझिस्टर, १०४ नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर, १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा इलेक्ट्रोलायटिक, स्क्रू टर्मिनल, गाडीत असतात तसे दोन ब्लेड फ्यूज होल्डरसकट, आणि मल्टिमीटर. मल्टिमीटर नसेल तर बाकी काहीही घेण्याआधी तो घ्या. इंदूरच्या महाराणी रोडवर तारा आणि वायरिंगचं सामान मिळेल. पिक्सेल आणि ईएसपी३२ ऑनलाइन मागवणं सोयीचं.

आयसी घेताना त्याच्या पाठीवरची अक्षरं स्वतः वाचा. ७४एचसी१२५ समोर ठेवून दुकानदार सहज म्हणतो, "एक ही बात है, भैया." ती एकच गोष्ट नाही. ईएसपी३२ चा सिग्नल ३.३ व्होल्टचा असतो. पाच व्होल्टवर चालणाऱ्या एचसी जातीच्या चिपला "हो" समजायला सुमारे साडेतीन व्होल्ट लागतात. एचसीटीला दोनच पुरतात. पिक्सेलमधल्या चिपलाही साधारण साडेतीनच हवे असतात, म्हणून तर हा आयसी मध्ये घालायचा. तो न घालताही टेबलावर वीतभर तारेनं दिवे लागतात, आणि तीन मीटर तार जोडली की वाटेल तसे चमकायला लागतात. निळ्या-लाल छोट्या बोर्डवर मॉस्फेट असलेले जे लेव्हल शिफ्टर मिळतात, ते या वेगाला मंद पडतात. ते घेऊ नका.

करंटचं गणित

या भागावर घाई करू नका. घरी बनवलेली रोषणाई बिघडते ती बहुतेक वेळा इथेच, आणि दोष मात्र प्रोग्रॅमला दिला जातो.

एक पिक्सेल पूर्ण पांढरा पेटला की सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो. शंभरांचे झाले ६ अँपिअर. एसएमपीएस १० चा घेतला तो यासाठीच, की तो कायम ताणलेला राहू नये.

आता तार. एसएमपीएस घरात आणि चांदणी बाहेर, मध्ये तीन मीटर अंतर धरा. करंट जातो आणि परत येतो, म्हणजे तार झाली सहा मीटर. अर्धा चौरस मिमीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.०३५ ओहम. सहा मीटरचा झाला ०.२ ओहम, आणि ६ अँपिअरला १.२ व्होल्ट तारेतच खर्च! चांदणीपर्यंत पोचले ३.८ व्होल्ट. लाल एलईडीला दोन व्होल्टच्या आसपास पुरतात, पण निळ्या-हिरव्याला तीनच्या आसपास लागतात. म्हणून व्होल्टेज कमी पडलं की आधी निळा मंदावतो आणि पांढऱ्याचा रंग तांबूस होतो. कुठे पांढरा रंग गुलाबीसर दिसला की तिथे मल्टिमीटर लावायचा, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे दोष शोधता येतात.

उपाय असा: दीड चौरस मिमीच्या तारेच्या दोन जोड्या ओढा. एक लडीच्या सुरुवातीला, दुसरी शेवटाला. प्रत्येकीत ३ अँपिअर, घट फक्त ०.२ व्होल्ट. चांदणीची बाह्यरेषा बंद आकृती असल्यामुळे सुरुवात आणि शेवट एकमेकांशेजारीच येतात, त्यामुळे दोन्ही जोड्या एकाच वाटेनं नेता येतात. प्रत्येक जोडीच्या पॉझिटिव्ह तारेत, एसएमपीएसच्या जवळ, ५ अँपिअरचा फ्यूज. पाच व्होल्टचा झटका बसत नाही हे खरं, पण १० अँपिअरचा शॉर्ट बारीक तार सहज पेटवू शकतो.

एसएमपीएस जोडताना

हा एकमेव भाग आहे जिथे मेन्स येते. एल, एन आणि अर्थ या तीन टर्मिनलना तीन तारांची केबल आणि थ्री-पिन प्लग लावा. अर्थ सोडून देऊ नका. काही एसएमपीएसच्या कडेला जाळीआड ११५/२३० चा छोटा स्विच असतो. तो २३० वर आहे ना, हे प्लग लावण्याआधी बघा. टर्मिनलवरचं प्लास्टिकचं झाकण बसवा, आणि एसएमपीएस घरातच, कोरड्या जागी, हवा खेळेल असा ठेवा. बाहेर फक्त पाच व्होल्ट जाऊ द्या. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर या निमित्तानं इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. मेन्सची जोडणी कधी केलेली नसेल तर हे टोकही त्याच्याकडूनच करून घ्यावं.

चालू केल्यावर काहीही जोडण्याआधी आउटपुट मोजा. व्होल्टेज कमी-जास्त करणारा छोटा स्क्रू फिरवून ते ५.० व्होल्टवर आणा.

बोर्ड

झिरो पीसीबीवर ईएसपी३२ साठी बर्ग स्ट्रिप आणि आयसीसाठी सॉकेट सोल्डर करा, म्हणजे काही जळलं तर उपटून बदलता येतं. आयसीचा १४ नंबरचा पाय पाच व्होल्टला, ७ ग्राउंडला. या दोन पायांच्या अगदी जवळ १०४ कपॅसिटर. पाय १ ग्राउंडला. पाय २ ला ईएसपी३२ चा जीपीआयओ १६ (सोळा नंबरचा पिन), जो तीस पिनांच्या बोर्डवर बहुधा आरएक्स२ नावानं असतो. पाय ३ मधून ३३० ओहमचा रेझिस्टर आणि तिथून डेटाचं स्क्रू टर्मिनल. बाकीचे इनपुट मोकळे लोंबकळत ठेवू नका: ४, ५, ९, १०, १२, १३ हे सगळे ग्राउंडला. ६, ८, ११ तसेच सोडा. मोठा कपॅसिटर पाच व्होल्ट आणि ग्राउंडच्या मध्ये, पट्टा असलेली बाजू ग्राउंडकडे. ईएसपी३२ च्या व्हीआयएन पिनला तेच पाच व्होल्ट.

एसएमपीएस, बोर्ड आणि पिक्सेल या तिघांचं ग्राउंड एकच हवं. ते तुटलं तर डेटाला परतीची वाट राहत नाही आणि दिवे वेड्यासारखे लुकलुकतात.

आयसी आणि ईएसपी३२ सॉकेटात बसवण्याआधी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून पाच व्होल्ट आणि ग्राउंड आपसात चिकटले नाहीत ना, ते बघा. मगच पॉवर द्या, सॉकेटच्या १४ आणि ७ मध्ये पाच व्होल्ट मोजा, पॉवर काढा आणि चिप बसवा.

प्रोग्रॅम

कोड लिहायची गरज नाही. डब्ल्यूएलईडी (WLED) नावाचं मोफत, मुक्त स्रोत फर्मवेअर, म्हणजे बोर्डात भरायचा तयार प्रोग्रॅम, आहे. संगणकावर क्रोम किंवा एज ब्राउझरमध्ये त्याचं इन्स्टॉल पान उघडायचं, ईएसपी३२ यूएसबीनं जोडायचा, पोर्ट निवडायचा. पोर्ट दिसतच नसेल तर केबल बहुतेक फक्त चार्जिंगची असते. नाहीतर सीएच३४० किंवा सीपी२१०२ चा ड्रायव्हर लागतो. यूएसबी जोडलेली असताना एसएमपीएसचे पाच व्होल्ट देऊ नका. एका वेळी एकच.

मग फोनच्या वायफायमध्ये डब्ल्यूएलईडी-एपी दिसेल. पासवर्ड डब्ल्यूएलईडी१२३४, सगळी अक्षरं स्मॉल. ब्राउझरमध्ये ४.३.२.१ टाकलं की सेटिंग उघडतं. तिथे घरच्या वायफायचं नाव-पासवर्ड द्या, पण २.४ गिगाहर्ट्झचं, ईएसपी३२ पाच गिगाहर्ट्झ ओळखत नाही. एलईडीच्या पानावर प्रकार डब्ल्यूएस२८१एक्स, संख्या १००, पिन १६. तिथेच करंटची मर्यादा असते. ती मुळात ८५० मिलिअँपिअर ठेवलेली असते, आणि शंभर दिवे फारच मंद का पेटतात, हे कोडं नवशिक्याला पडतं ते त्यामुळे. ती ५००० करा.

चांदणीचा फळा बनवण्याआधी दोन्ही लडी टेबलावर पसरून पेटवा. लडीला दिशा असते; डेटा डीआय लिहिलेल्या किंवा बाण सुरू होतो त्या टोकानं आत जायला हवा. लाल मागितल्यावर हिरवा आला तर लड खराब नाही, सेटिंगमधला रंगांचा क्रम बदला. बुलेट पिक्सेलचा क्रम बहुधा आरजीबी असतो, पट्टीचा जीआरबी.

चांदणी

थर्माकोल नको, पेट घेतो. पाच मिमीचा सनबोर्ड घ्या, चार फूट बाय चार फुटांचा तुकडा पुरतो. मध्यावर खिळा, ५५ सेंमी दोरी, आणि पेन्सिलीनं वर्तुळ. परिघावर एक खूण करा आणि तिथून पट्टीनं सरळ ६४.७ सेंमी मोजत पाच खुणा करत जा. पाचवं माप पहिल्या खुणेवर येऊन मिळतं. एक सोडून एक खुणा रेषांनी जोडल्या की चांदणी झाली. आतला पंचकोन पुसून टाकला की उरतात दहा बाजू, प्रत्येकी ४० सेंमी. प्रत्येक बाजूवर कोपऱ्यापासून दर चार सेंमीला एक भोक: दहा बाजू, दहा-दहा दिवे, बरोबर शंभर. भोक १२ मिमीचं, पण आधी उरलेल्या तुकड्यावर एक पाडून पिक्सेल घट्ट बसतो का ते पाहा. सुरुवात खालच्या आतल्या कोपऱ्यापासून करा, म्हणजे तारा खालून निघतील. दोन पिक्सेलमधली जादा तार मागच्या बाजूला दुमडून केबल टायनं बांधायची.

बाजूला दहा दिवे हा हिशेब मुद्दाम ठेवला आहे. डब्ल्यूएलईडीमध्ये ० ते १०, १० ते २० असे दहा सेगमेंट (तुकडे) केले की प्रत्येक बाजू स्वतंत्र चालवता येते.

बाहेर लावताना पिक्सेलची काळजी नको, पाणी शिरू नये म्हणून ते आतून भरलेले असतात. पाणी शिरतं ते कनेक्टरात. डिसेंबरात पाऊस नसला तरी दंव पडतं. जोड सोल्डर करून गोंदवाली हीट श्रिंक ट्यूब चढवा. सिलिकॉन लावायचं तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको, त्यातलं ॲसिड तांबं खातं. न्यूट्रल सिलिकॉन मागा. तार खिडकीतून आत येण्याआधी थोडी खाली लोंबू द्या, म्हणजे थेंब बाहेरच गळतील.

दिवे कसे हलवावेत

डब्ल्यूएलईडीत शंभरावर इफेक्ट आहेत आणि पहिल्या संध्याकाळी सगळे लावून बघावेसे वाटतात. जरूर बघा, पण रस्त्यावरून पाहणाऱ्यासाठी दोन-तीनच निवडा. इंदूरच्या लाल चर्चला नाताळची रोषणाई बघून परतणारं कुटुंब तुमच्या घरासमोर फार तर मिनिटभर रेंगाळेल. त्यांना संथ हालचाल कळते: एक उजळ ठिपका बाहेरच्या रेषेवरून सावकाश फिरतो, त्याच्यामागे शेपूट विझत जाते. तेजस्विता ४० टक्क्यांच्या वर न्यायची गरज अंधारात पडत नाही. संपूर्ण चांदणी सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकवू नका. काहींना अशा झगमगाटानं फिट येऊ शकते.

आवडलेला इफेक्ट प्रीसेट म्हणून साठवा आणि बोर्ड सुरू होताना तोच लागेल असं ठरवून द्या, म्हणजे वीज जाऊन आली तरी कुणाला फोन शोधावा लागत नाही. वेळेच्या पानावर अक्षांश २२.७२, रेखांश ७५.८६ दिले की इंदूरच्या सूर्यास्ताला चांदणी आपोआप लागते. बंद होण्याची वेळ अकराची ठेवा. समोरच्या घरात आजी-आजोबा झोपलेले असतात.

काही अडलं तर

ठरावीक दिव्यापासून पुढे सगळं अंधारात असेल, तर दोष शेवटच्या पेटलेल्या किंवा पहिल्या विझलेल्या पिक्सेलमध्ये. आधीचा कापून नवा जोडा. तरी नाही तर नंतरचा. म्हणून त्याच जातीचे पाच-दहा पिक्सेल जास्तीचे ठेवावेत. सगळेच दिवे मृत असतील तर फ्यूज, मग पाच व्होल्ट, मग ग्राउंड, मग डेटा, याच क्रमानं बघा. वरच्या टोकाशी पांढरा तांबूस दिसला तर पन्नासाव्या पिक्सेलपाशी तिसरी जोडी द्या, अर्थात फ्यूजसकट.

गाण्यावर नाचवायचं असेल तर

ती पुढची पायरी. एक्सलाइट्स हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घ्या, त्यात शंभर दिव्यांची चांदणी रेखा, आणि गाण्याच्या ठेक्यावर खुणा करून प्रत्येक खुणेला इफेक्ट द्या. डब्ल्यूएलईडी ते नेटवर्कवरून डीडीपी किंवा ई१.३१ पद्धतीनं घेतो. ई१.३१ मध्ये एका युनिव्हर्सला (डेटाच्या एका गठ्ठ्याला) ५१२ चॅनल, पिक्सेलच्या दर रंगाला एक, म्हणजे १७० पिक्सेल. आपले १०० एकातच मावतात. वेगाचीही चिंता नाही. एका पिक्सेलचे २४ बिट ३० मायक्रोसेकंदांत जातात, शंभरांचे ३ मिलिसेकंदांत. सेकंदाला ४० चित्रं दाखवायची तर प्रत्येकाला २५ मिलिसेकंद मिळतात, म्हणजे याच एका तारेवर आठशेच्या आसपास दिवे नेता येतील. पॉवर मात्र त्या हिशेबानं वाढवावी लागेल. लॅपटॉप रात्रभर अडकवून ठेवायचा नसेल तर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर फाल्कन प्लेअर हे सॉफ्टवेअर बसवा. तो तयार क्रम आणि गाणं दोन्ही वाजवतो.

पहिल्या गाण्याला सोपा ठेका निवडा आणि दर ठेक्याला चांदणीची एकच बाजू पेटवा. दहा ठेक्यांत एक फेरी पूर्ण होते. आवाज आणि उजेड जुळतात की नाही, हे त्यातच कळतं. उजेड मागे पडत असेल तर इफेक्ट बदलण्याआधी राउटर बोर्डच्या जवळ आणून पाहा.